पाच गाठींची दोरी

सोनल : ...आणि वर मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर म्हणाला, "सोनलचं काम नेहमीच लेट." मावशी, तुझा सुदेश ऑफिसात असा वागतो!

शेवंती : आवाज खाली गं. अख्ख्या बाळकुमात माझ्या पोराला अजून कुणी नाव ठेवलेलं नाही. तुला शहाडहून आणून नोकरीला कुणी चिकटवली? त्यानंच ना? उशीर होतो, तर हात चालव जरा.

सोनल : उशीर होतच नाही ना! हे बघ मोबाइलवर. आमच्या प्रत्येक कामाचं एक कार्ड असतं. जिचं काम, तिनं आधीच सांगायचं किती दिवस लागतील. ह्या कार्डाला मी पाच दिवस सांगितलेले.

शेवंती : आणि लागले किती?

सोनल : साडेचार.

शेवंती : मग रडतेस कशाला?

सोनल : कारण आता कार्डावर पाच नाहीत, दोन आहेत. मला न विचारता सुदेशदादानं बदलले. दोनाच्या जागी साडेचार, म्हणजे मी उशिरा. झालं कार्ड लाल! चार महिन्यांत अशी सात कार्डं, मावशी. शुक्रवारी ठरणार, मला कायम करायचं की घरी पाठवायचं. वरचा साहेब नुसती लाल कार्डं मोजतो.

शेवंती : सुदेशनंच बदलले कशावरून? उगाच माझ्या घरात बसून माझ्या पोरावर आळ नको.

सोनल : खाली नोंद राहते, कुणी बदललं आणि कधी. तुला अक्षर लागतं ना? वाच तूच.

शेवंती : सु... दे... श. हं. दुसरीपर्यंत शिकले ती हे वाचायला वाटतं.

(दार उघडतं. सुदेश बूट काढत आत येतो.)

सुदेश : अरे, सोनल? तू इथे कशी? आई, चहा टाक ना. शीळफाट्यावरच तास गेला.

शेवंती : चहा राहू दे. पाचाचे दोन कुणी केले?

सुदेश : आलीस का चुगली करायला! आई, ते एस्टिमेट असतं, नुसता अंदाज. तुला नाही कळायचं ते.

शेवंती : मला नाही कळायचं? बारा वर्षं ह्या खाडीवर लोकांची जाळी सांधली मी! होडीवाला जाळं आणून टाकायचा. मी फाटलेलं हाताखालून घालायची आणि दोरीला गाठी मारायची. जितके दिवस, तितक्या गाठी. दोरी टांगायची त्याच्या दाराला. रोज संध्याकाळी मी जाऊन एक गाठ सोडायची, मीच. होडीवाल्यानं त्या दोरीला बोट लावायचं नाही. एकानं लावलं.

सुदेश : कुणी?

शेवंती : तुझ्या बापानं. पाचातल्या दोन सोडल्या आणि चारचौघांत म्हणतो, शेवंतीनं जाळं वेळेत दिलं नाही. मी ते जाळं तसंच फाटकं त्याच्या दारात टाकून आले. मग कुठलीच बाई त्याच्या जाळ्याला सुई लावेना. होडी आठ दिवस चिखलात. शेवटी आला सगळ्यांसमोर, गाठी परत मारून. तेव्हा लग्न व्हायचं होतं आमचं. त्या गाठी मारल्या, म्हणून मी हो म्हटलं. नाहीतर तू कुठून येणार होतास चहा मागायला?

सुदेश : आई, ते वेगळं. क्लायंटला मी आधीच दोन दिवस सांगून बसलेलो. पाच दाखवले असते तर माझ्यावर आलं असतं.

शेवंती : म्हणजे बोलून बसलास तू आणि उशीर झाला हिला!

सुदेश : अगं, सगळेच टीम लीड असंच करतात.

सोनल : सगळ्यांच्या आया बाळकुमात राहत नाहीत, दादा.

शेवंती : तू गप गं. सुदेश, उघड तो तुझा लॅपटॉपचा डबा. सातही कार्डांवर हिचे दिवस परत लिही. आणि साहेबाला शुक्रवारच्या आत कळव, कुणी खोडले होते ते.

सुदेश : आई, तुला समजत नाहीये. साहेबाला कळवलं की तो खालची नोंद उघडणार आणि माझं नाव दिसणार. मग लाल कार्ड माझं होईल.

शेवंती : होऊ दे. तुझंच आहे ते. इतके दिवस हिच्या नावावर होतं.