सात जोड्यांचे दोन गुण

लातूरच्या एका क्लासने चाचणीत आपटलेल्या मुलांच्या पालकांना बोलावलं होतं. नांदेडचे प्राध्यापक मार्तंडराव बाकावर बसले. शेजारी शिरूर अनंतपाळचे शेषेराव आणि त्यांची बायको साखराबाई होते.

"आमच्या बजरंगाची वही बघा, सर," शेषेराव म्हणाले. "चौदा सोंगट्यांत सात जोड्या जमल्या तर दोन गुण, सगळ्या एकाच रंगाच्या जमल्या तर सहा."

"हे कशाचं?"

"माजाँग म्हणून खेळ हाय, जपानी पद्धतीचा, मोबाईलवरचा. आम्हाला वाटलं, केमिस्ट्री."

"नुसतं वाटलं? ह्यांनी मारुतीच्या पारावर समद्या गावाम्होरं म्हणायला लावलं पोराला!"

"तू बी टाळ्या वाजवल्या की!"

"मान खाली घालून म्हणत होतं. मला वाटलं, लई गुणी हाय."

"शिकवलं कुणी?"

"खोलीतल्या सोबत्यानं, अंबरीशनं. नांदेडच्या कुण्या प्राध्यापकाचं लेकरू म्हणं. तुमचं कोणत्या बॅचला, सर?"

मार्तंडरावांनी चष्मा पुसायला काढला.

"माझं? नाही, मी नुसता चौकशीला आलोय."

शिपाई दारात आला.

"अंबरीशचे पालक!"

कुणी उठलं नाही.

"नांदेडचा अंबरीश! हायेत का कुणी?"

"बघा, बापच आला न्हाई," साखराबाई म्हणाल्या. "आन् आपण लेकराला नावं ठेवून राहिलो."

"चल, त्याचंबी आपणच ऐकून येऊ," शेषेराव उठले. "सर, एवढी वही धरा जरा."

मार्तंडरावांनी वही धरली.