वारा खरंच होता

...नाही, नाही, हरल्याचं दुःख नाही हो मला! हरण्यातच आयुष्य गेलंय माझं. विद्यापीठात तर्कशास्त्र शिकवलं, निवृत्त झालो, इथे ऑस्ट्रेलियातल्या मरे नावाच्या नदीकाठच्या गावात येऊन राहिलो, आणि बायकोनं, नोरीननं, मला लॉन बोल्सच्या क्लबात घातलं. का? तर घरात बसून मी सारखी काळजी करतो म्हणून. आता तिथे जाऊन करतो! हिरवळीवरून चेंडू घरंगळवायचा आणि पलीकडच्या छोट्या पांढऱ्या गोळ्याजवळ न्यायचा, बस्स. पण तो चेंडू मुळातच एका अंगाला कलणारा, सरळ म्हणून जाणार नाही, आणि मी, तुम्हाला सांगतो, सरळ विचार करणारा माणूस...

तर आमच्या क्लबाची रीत अशी, की जिंकलेल्यानं हरलेल्याला बिअर पाजायची आणि ग्लास रिकामा होईपर्यंत तो का हरला हे ऐकून घ्यायचं. अडवायचं नाही, हसायचं नाही, मान हलवायची. "गवत ओलं होतं." "होतं रे." "गुडघा धरला होता." "दिसतच होतं." एवढं झालं की माणसाला रात्री झोप लागते. मी तर यात उस्ताद! माझी कारणं ऐकायला पलीकडच्या टेबलावरचे लोक खुर्च्या ओढून यायचे...

आणि यंदाच्या अजिंक्यपदाला मी चक्क क्लॅरीला हरवलं! क्लॅरी पेंगेली, माझा जिवलग मित्र, दरवर्षीचा विजेता. भिंतीवरच्या फळीवर सोनेरी अक्षरांत माझं नाव लागणार! मी बिअर आणली, समोर बसलो, मान हलवायच्या तयारीत. म्हटलं, "हं, बोल."

"काय बोलू?"

"अरे, का हरलास?"

"तू छान खेळलास, प्रोफेसर."

झालं! खरा हरलेला माणूस असं बोलतो? कधी ऐकलंय तुम्ही? मी तसाच घरी. नोरीन इस्त्री करत होती. म्हटलं, "त्यानं एकसुद्धा कारण सांगितलं नाही गं!"

तिनं इस्त्री खाली ठेवली. "एकही नाही? काय माणूस आहे! बजावलं होतं मी त्याला, थोडी तरी कुरकुर कर म्हणून!"

...ऐकलंत? मित्र आणि बायको! दोघांनी मिळून! वर मलाच म्हणते, "हरलास की आठवडाभर चहा ढवळत बसतोस. साखर तरी घेतोस का तू?" अहो, हरल्याचं दुःख नाही मला, पण आयुष्यातला एकुलता एक विजय, तोही घरून डबा दिल्यासारखा?

मी क्लॅरीला गाठलं. "पुन्हा खेळायचं. खरं!" तो म्हणाला, "बरं बाबा, खरं तर खरं." सगळा क्लब बघायला जमला. बरोबरीत आलो हो आम्ही, बरोबरीत! शेवटचा चेंडू माझा, सुंदर निघाला, वळला, गोळ्यापाशी जाऊन आता टेकणार... आणि नदीवरून असा वारा सुटला, असा सुटला, की नोरीनची टोपी उडाली! चेंडू गेला भलतीकडे. हरलो. खरोखर, शंभर टक्के हरलो.

क्लॅरीनं बिअर आणली. खुर्च्या ओढल्या गेल्या. "बोल, प्रोफेसर." सगळं ओठांवर आलेलं, वारा, टोपी, खांदा, सगळं! पण त्याचं ते समाधानी तोंड बघितलं आणि काय झालं कोण जाणे, मी म्हटलं, "तू छान खेळलास, क्लॅरी."

पांढराफटक पडला तो! "हलकटा... मुद्दाम हरलास?"

मी फक्त घोट घेतला. काय घोट होता तो!

आता सगळा क्लब म्हणतो, प्रोफेसर मनाचा मोठा. नोरीन अभिमानानं बघते. क्लॅरीची बायको फोन करते, "अहो, त्याला झोप नाही, खरं काय ते सांगा ना!" काय सांगू? फळीवरचं ते सोनेरी नाव खोटं, हा मोठेपणा खोटा, आणि खरा तेवढा एक वारा, तोच गावात कुणाला सांगायची सोय उरली नाही! म्हणून तुम्हाला गाठलं. हरल्याचं दुःख नाही हो मला... बसा. ही बिअर माझ्याकडून. उलटी रीत आहे, ठाऊक आहे मला, पण तुम्ही फक्त मान हलवा.

वारा होता हो!