दोन गावांची गोचिडं

चाकणच्या एस.टी. थांब्यावर मंजुळाबाईंच्या पुढं दोन म्हातारे उभे होते, मोशीचे दौलतराव आणि महाळुंग्याचे भिमाजी.

"भिमाजी, पुण्याचा सायब आमच्या देवळातल्या वाघळांच्या अंगावरची गोचिडं तपासायला काढून घेऊन गेला."

"आमच्याकडं बी आलता. म्हनला, दोन्ही गावची गोचिडं एकाच जातीची. मोशीची वाघळं आमच्या देवळात मुक्कामाला येत्यात, त्यांनीच आनली."

"जत्रंत मानाच्या काठीवरनं भांडलो, तवापासनं आपलं येनंजानं बंद हाय की."

"मान्सांचं बंद हाय."

मंजुळाबाईंची गाडी आली. त्यांनी ती जाऊ दिली.

"दौलतराव, तुमची पोरगी इंद्रायणी लग्नाची झाली म्हनं. आमचं बी पोरगं हाय. पर आधी कुनी कुनाच्या दारात जायचं?"

"आमची वाघळं आधी येऊन गेली. आता तुमची पाळी."