दाभोळची एकच तक्रार

आमच्या ऑफिसचं काय सांगू तुम्हाला! आम्ही मच्छीमारांना वाऱ्याचा इशारा देणारं अॅप बनवतो. दाभोळच्या मच्छीमारवाडीतून तांडेलकाकांचा फोन आला, "होड्या समुद्रात गेल्यावर मग तुमचा इशारा येतोय." मी लगेच सरांना म्हटलं, "आधी हे दुरुस्त करूया."

"अॅपचा नवा रंग आवडला नाही म्हणून ढीगभर तक्रारी आहेत. ही एकच आहे."

मी काकांना विचारलं, "बाकीचे का लिहीत नाहीत?"

"गो बाय, वाडीतर्फे मी बोललो ना? सगळ्यांनी कशाला बोलायचं?"

"काका, इथे डोकी मोजतात."

काकांनी अख्ख्या वाडीला लिहायला लावलं. दुसऱ्या दिवशी मी धावत सरांकडे गेले.

सर म्हणाले, "बघितल्या. सगळ्यांचं म्हणणं एकच होतं, म्हणून एकत्र करून टाकल्या. आता एकच राहिली."