मांजर एकटी राहत नाही

प्राण्यांच्या दवाखान्यात शिंपी आपल्या दांडग्या कुत्र्याची साखळी धरून बसला होता. शेजारच्या बाकावर मायलेकींची जुंपली होती आणि त्याला काही कान मिटता येत नव्हते.

"आई, ही वाढतच नाहीये. आजारी मांजर गळ्यात मारलीय तुझ्या."

"पूर्ण वाढलेली आहे. सिंगापुरा म्हणतात या मांजरांना, जातच एवढीशी."

"निदान खांद्यावरून उतरव तरी."

"नाही उतरत. भांडी घासतानाही इथेच असते. झोपते गळ्याशी."

"खाणं ठेवून दोन दिवस जाता येईल अशी साधी मांजर नव्हती मिळत?"

"मिळत होती. मीच म्हटलं, जिला एकटीला ठेवता येत नाही तीच द्या."

"मुद्दाम?"

"मुद्दाम! दादाची बदली झाली, सामान लावायला आई. तुझी मुलं आजारी, आई. तुम्ही फिरायला निघालात, कुंड्यांना पाणी घालायला आई. नाही म्हटलं की, 'तुला काय गं, एकटीच तर असतेस!' आता नाही एकटी."

"मग तिलाही घेऊन ये."

"आणि जावईबापूंच्या शिंका? मांजर दिसली की सुरू होतात ना? चांगल्या लक्षात आहेत माझ्या."

"अगं, पण पुढच्या महिन्यात आम्ही गेल्यावर घर कोण राखणार?"

"कुत्रा पाळ."

म्हातारीने शिंप्याकडे बोट केलं.

"असा. काय हो, मघापासून ऐकताय, तर सांगा हिला, खातो किती?"