रुखवतातलं तोरण

मला आता क्रोशाची सुई दाखवू नका गं, आधी चहा द्या. माझ्या बहिणीच्या पोरीचं, स्वातीचं लग्न झालं ना, तिच्या रुखवतातलं क्रोशाचं तोरण, ताटावरचे रुमाल, सगळं मी विणलेलं. मान मोडून गेली माझी. आणि वर चिठ्ठी काय, तर 'नवरीच्या हातचं'. रुखवतात असंच लिहितात, म्हणून मीही गप्प बसले. स्वातीला तर साधी साखळीसुद्धा घालता येत नाही.

पण तिच्या जळकोटच्या सासूबाईंना ते खरंच वाटलं! महिन्याभरात हुकूम सुटला, "आपल्या पोरीच्या रुखवताला बी असंच तोरण पायजे. तूच कर." झालं, स्वाती लोकर घेऊन थेट नांदेडला, माझ्या दारात. म्हणे, "मावशी, माहेरपणाला आले." माहेरपण तिचं अन् विणून राहिले मी.

काल दुपारी सासूबाईंचा व्हिडिओ कॉल आला. स्वाती झोपेतून धडपडत उठली, माझ्या हातातलं अर्धं तोरण ओढून घेतलं, सुई धरली अन् मोबाइल समोर ठेवला. मी बाजूला दुखरी बोटं चोळत बसले.

तोरण बघून सासूबाई लई खूश झाल्या. मग त्यांना मी दिसले.

"अगं स्वाती, तुझी मावशी नुसतीच बसून हाय की! तिला बी शिकव जरा, तेवढाच टाइमपास."

स्वाती माझ्याकडं बघेचना. तिनं गुपचूप सुई माझ्या हातात दिली.

मी म्हटलं, "बघते विहीणबाई, मला जमतंय का ते."