विमानाच्या नाकावरचे तीन पट्टे

लातूर नवा जिल्हा झाला, तेव्हा जुन्या फोटोंचं प्रदर्शन भरवायचं ठरलं. फोटोंखालच्या चिठ्ठ्या लिहायचं काम कुणाकडे? तर शिपायाने दार आपटलं तरी दचकणाऱ्या माझ्याकडे. पहिलीच नोकरी होती. त्यात एक फोटो निघाला: माळावर उभं असलेलं दुमजली पंखांचं जुनाट विमान आणि नाकावर तीन आडवे पांढरे पट्टे. कुठलं विमान, ऑफिसात कुणालाच ठाऊक नाही.

माझा मावसभाऊ विष्णुपुरीला इंजिनिअरिंगला होता. विमानांचं जाडजूड पुस्तक घेऊन तो दोन दिवस बसला आणि म्हणाला, "ताई, बिनधास्त लिही. परदेशी लढाऊ तुकडीची खूण आहे ती." मी लिहिलं, तेही शाईने.

कलेक्टरसाहेब यायला अर्धा तास उरला होता. तेवढ्यात तो फोटो देणारे उदगीरचे किराणा दुकानदार अप्पा आले आणि चिठ्ठी वाचून थांबले.

"माय, हे कुनी लिवलं?"

माझ्या हातातली दौत लवंडली.

"भस्म हाय ते. मीच लावलं. दुष्काळात ढगावर मीठ फवारून पाऊस पाडायला आलतं हे इमान. म्हटलं, उडायच्या आधी महादेवाचं नाव असू द्यावं."

शेजारीच बसलेल्या भावाने पुस्तक हळूच मिटलं. मी नवी चिठ्ठी घेतली.

"मग पाऊस पडला का, अप्पा? तेही लिहावं लागेल."

"न्हाई. इमान तेवढं सुखरूप उतरलं," अप्पा शांतपणे म्हणाले. "भस्म इमानाला लावलतं माय, ढगाला न्हाई."